महाराणी व्हिक्टोरियांचें सागरतीरचें घर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नांवाचें एक लहानसें बेट आहे. साउदॅम्प्टन बंदरांतून बोटीनें निघावें, सॉलंट नांवाची समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडावी, म्हणजे सुमारें तासाभरांत ईस्ट काउझ येथें उतरतां येतें. तेथून जवळच, समुद्राकडे उतरत गेलेल्या हिरव्यागार टेकडीवर, फिकट रंगाची व दोन उंच मनोऱ्यांची एक हवेली आहे. हिचें नांव ऑस्बोर्न हाउस. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा व विंडसरचा किल्ला पाहिला म्हणजे राजवाडे पाहण्याची हौस सहसा फिटते. तरी आम्ही मुद्दाम वाट वांकडी करून येथें गेलों. राजवाड्यांत राज्याचें वैभव दिसतें, माणूस दिसतो तो घरांत. आणि जिच्या मुखवट्याच्या ‘राणीछाप’ रुपयानें आपल्या पणज्यांनीं संसार केले, ती बाई घरीं होती तरी कशी, हें पाहण्याची आम्हांस जिज्ञासा होती.

ही हवेली सरकारी खजिन्यांतून नव्हे, राणीसाहेबांच्या खासगी पैशानें बांधलेली आहे. १८४५ मध्यें त्यांनीं ही जागा विकत घेतली आणि त्यांचे पति प्रिन्स आल्बर्ट यांनीं थॉमस क्युबिट या प्रसिद्ध लंडनच्या कंत्राटदाराच्या साह्यानें जुनें घर पाडून नवें उभें केलें. येथील समुद्र पाहून आल्बर्टना इटलींतील नेपल्सच्या उपसागराची आठवण झाली, म्हणून हवेलीचा थाटही इटालियन ठेवला. १८५१ पर्यंत सर्व काम पुरें झालें.

स्वतःच्या घराची ही एवढी ओढ कां, हें कळण्यास राणीसाहेबांचें बाळपण आठवावें लागतें. २४ मे १८१९ रोजीं त्यांचा जन्म झाला. आठ महिन्यांच्या असतांनाच वडील वारले. पुढें आईच्या व तिच्या कारभाऱ्याच्या कडक पहाऱ्यांत त्या वाढल्या. जिना उतरतांना कोणाचा तरी हात धरलाच पाहिजे, निजावयाचें तें आईच्याच खोलींत, असा नियम होता. २० जून १८३७ च्या पहाटे चुलते वारल्याची व आपण राणी झाल्याची वार्ता अठरा वर्षांच्या या मुलीस कळली, आणि त्याच दिवशीं तिनें आपला पलंग आईच्या खोलींतून हलविण्यास सांगितलें! १० फेब्रुवारी १८४० रोजीं सख्खे मामेभाऊ आल्बर्ट यांच्याशीं विवाह झाला. राणीस मागणी घालणार कोण? म्हणून शिरस्त्याप्रमाणें वधूनेंच वरास मागणी घातली. चार मुलगे व पांच मुली अशीं नऊ अपत्यें झालीं.

हवेलीच्या वरच्या मजल्यावर राणीसाहेबांची बैठकीची खोली आहे. तेथें दोन लिहिण्याचीं मेजें शेजारीं शेजारीं मांडलेलीं आहेत. एक राणीसाहेबांचें, एक आल्बर्टचें. राज्याचे कागद आले कीं पतिपत्नी जोडीनें बसून ते पाहात. दरवाज्यांवर दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें गुंफलेलीं आहेत. तंबाखू ओढण्याच्या खोलीवर मात्र एकट्या आल्बर्टचेंच अक्षर आहे. राणीसाहेबांस तंबाखूचा मोठा तिटकारा. पाळण्यांतील मुलांच्या हातापायांच्या संगमरवरी प्रतिकृति करवून येथें जपून ठेविलेल्या आहेत. त्या इवल्या पांढऱ्या मुठी पाहतांना आमच्या मंडळींतील बायकांचा पाय तेथून निघेना.

बागेतून थोडें चालून गेलें म्हणजे लांकडाचें एक ठेंगणें घर लागतें. हें ‘स्विस कॉटेज’ १८५४ मध्यें मुलांसाठीं पुरें झालें. येथें राजपुत्र व राजकन्या स्वयंपाक करीत. प्रत्येकाचा भाजीचा वाफा वेगळा, प्रत्येकाची हातगाडी वेगळी व तिच्यावर ज्याच्या त्याच्या नांवाचीं अक्षरें. पिकलेली भाजी वडील बाजारभावानें विकत घेत! मुलांना श्रमाची किंमत कळावी म्हणून ही योजना. घरोघरीं नोकरांच्या जिवावर मुलें वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांनीं हा वाफा अवश्य पाहावा.

या सुखास दृष्ट लागली ती १४ डिसेंबर १८६१ रोजीं. विंडसर येथें आल्बर्ट वारले. वय अवघें ४२ वर्षांचें, राणीसाहेबांचेंही तितकेंच. तेथून पुढें चाळीस वर्षें त्यांनीं काळें वस्त्र सोडलें नाहीं. ऑस्बोर्नमधील पतीच्या खोल्या जशाच्या तशा ठेविल्या. कित्येक वर्षें त्या लोकांत फारशा मिसळल्याही नाहींत, व राणी दिसत नाहीं तर राजपद हवें कशास, असें लोक उघड विचारूं लागले. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वैधव्य आलें म्हणून त्यांच्या हातची लेखणी कोणीं काढून घेतली नाहीं. प्रधान बदलले, युद्धें झालीं, परंतु सरकारी कागद ऑस्बोर्नच्या त्याच मेजावर येत राहिले, आणि काळ्या वस्त्रांतील बाई त्यांवर सही करीत राहिल्या.

हें वाचतांना आपल्या घरांतील माजघर कोणास आठवणार नाहीं? ज्या काळांत एका विधवेच्या नांवानें हिंदुस्थानचा कारभार चाले, त्याच काळांत आपल्या घराण्यांतील विधवांचें केशवपन होई, आणि मंगलकार्यांत त्यांनीं पुढें येऊं नये असा दंडक होता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्यें झाला, परंतु कायद्यानें उंबरठा ओलांडला नाहीं. तो ओलांडण्यास धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्यास स्वतः विधवेशीं विवाह करून १८९६ मध्यें पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढावा लागला. राणीसाहेबांचा शोक आम्हांस खरा वाटला. पण शोक करण्याइतका मान व मोकळीक ही सुद्धां सर्व स्त्रियांच्या वांट्यास येत नाहीं, हें त्या मेजासमोर तीव्रतेनें जाणवलें.

हवेलीच्या एका अंगास १८९० च्या सुमारास बांधलेलें ‘दरबार दालन’ आहे. आंत पाऊल टाकतांच आपण इंग्लंडांत आहों कीं लाहोरांत, असा भ्रम होतो. छतापासून भिंतींपर्यंत पांढरें नक्षीकाम, जाळ्या, वेलपत्ती, आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलविलेला मोर! हें काम पंजाबांतील शीख कारागीर भाई रामसिंग यांच्या कल्पनेचें. लाहोरच्या मेयो कलाशाळेंत ते शिकले होते, व पुढें तिचे मुख्याध्यापकही झाले. त्यांचे गुरु लॉकवुड किपलिंग हे त्यापूर्वीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील शिल्पें त्यांचींच. लगतच्या वाटेवर रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकारानें रंगविलेलीं हिंदी माणसांचीं अनेक चित्रें लाविलेलीं आहेत. राजेरजवाडेच नव्हेत, तर विणकर, कुंभार, शिपाई अशीं साधीं माणसें तींत आहेत. राणीसाहेबांनींच त्यास यासाठीं हिंदुस्थानांत पाठविलें होतें. त्या स्वतः मात्र हिंदुस्थानांत कधींच आल्या नाहींत.

१८८७ मध्यें आग्र्याचा अब्दुल करीम हा तरुण सेवक म्हणून त्यांच्याकडे आला, व थोड्याच काळांत त्यांचा ‘मुनशी’ झाला. साठी उलटून गेल्यावर त्यांनीं त्याच्यापाशीं हिंदुस्थानी शिकण्यास आरंभ केला, आणि शेवटपर्यंत त्या भाषेचा सराव चालू ठेविला. या वयांतील ही चिकाटी स्तुत्य खरीच. दरबारी मंडळींस व पुत्रास करीम डोळ्यांसमोर नको होता; राणीसाहेबांचे डोळे मिटतांच त्याच्याजवळचीं त्यांचीं पत्रें जाळण्यांत आलीं व त्याची आग्र्यास रवानगी झाली.

दरबार दालनांत १८८७ व १८९७ च्या महोत्सवांचे प्रसंगीं हिंदुस्थानांतून आलेलीं मानपत्रें व त्यांच्या नक्षीदार पेट्या मांडलेल्या आहेत. चांदी, हस्तिदंत, चंदन. कारागिरी अशी कीं पाहात राहावें. परंतु ज्या मागण्या पेटींत बसल्या नाहींत त्या येथें कोठेंच दिसत नाहींत. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरवून राणीसाहेबांस ‘कैसर-इ-हिंद’ असा किताब जाहीर झाला. त्याच वेळीं दख्खनेंत व मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ चालू होता. १८७६ ते १८७८ या काळांत त्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं, असें इतिहासकार मानतात. त्या दरबारांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातीं कांतलेल्या सुताच्या साध्या पोषाखांत गेले, आणि हिंदी लोकांस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावे अशी मागणी त्यांनीं केली. तिला आधार राणीसाहेबांच्याच शब्दांचा होता. १८५८ च्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा त्यांना रुचला नाहीं व तो त्यांनीं अधिक दयार्द्र भाषेंत पुन्हा लिहविला. धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं, वंश वा धर्म न पाहतां नोकऱ्या मिळतील, असें त्यांत वचन होतें. तें पाळणाऱ्यांचे हात लंडनांत व कलकत्त्यांत होते, आणि ते वळले नाहींत. वीस वर्षांनीं, २२ जून १८९७ च्या रात्रीं, पुण्यांत गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यांतील हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तांत लोकांच्या देवघरापर्यंत शिरलेल्या शिपायांचा संताप त्या गोळ्यांत होता. एकाच महोत्सवाच्या एका टोकास चंदनाच्या पेट्या, आणि दुसऱ्या टोकास ही रात्र! वचन गोड होतें म्हणूनच तें मोडल्याची चीड इतकी तीव्र झाली, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं राणीसाहेबांचें शयनगृह. याच खोलींत २२ जानेवारी १९०१ रोजीं सायंकाळीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. मुलेंनातवंडें भोंवतीं होतीं. जर्मनीचा बादशहा विल्हेल्म, त्यांच्या थोरल्या कन्येचा मुलगा, आपल्या हातानें आजीस आधार देऊन बसला होता. चाळीस वर्षें काळें नेसलेल्या या बाईंनीं आपणांस पांढरें वस्त्र व लग्नांतील जाळीदार ओढणी घालून निरोप द्यावा असें लिहून ठेविलें होतें. त्याप्रमाणें त्यांस फ्रॉगमोर येथें पतीशेजारीं ठेविलें. पुढें तेरा वर्षांनीं तोच नातू व दुसरा नातू पांचवा जॉर्ज यांच्या सैन्यांनीं एकमेकांवर तोफा रोखल्या. एवढा मोठा गोतावळा. पण आजी उठून गेल्यावर त्यास एकत्र बांधणारें कांहींच उरलें नाहीं.

ऑस्बोर्न घराण्यांतच राहावें अशी राणीसाहेबांची इच्छा होती. पण पुत्र सातवा एडवर्ड यास तें नको होतें, व १९०२ मध्यें त्यानें तें राष्ट्रास देऊन टाकलें. कांहीं भागांत आरमारी शाळा चालली, कांहीं भागांत आजारी अधिकारी राहिले. खासगी खोल्या मात्र जाळीची दारें लावून बंद होत्या. त्या १९५४ मध्यें लोकांस खुल्या झाल्या. इकडे मुंबईंत त्यांच्या नांवाचें संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, आणि फोर्टांत मिरविणारा त्यांचा संगमरवरी पुतळा त्याच संग्रहालयाच्या आवारांत येऊन राहिला आहे.

पुतळ्याची जागा बदलली याचें आम्हांस दुःख नाहीं. ती बदलणें न्याय्यच होतें. परंतु पुतळ्यावरून माणसाची पारख होत नाहीं. ऑस्बोर्नमध्यें आम्हांस प्रेमळ पत्नी दिसली, शिस्तीची आई दिसली, म्हातारपणीं परभाषेचीं अक्षरें गिरविणारी विद्यार्थिनी दिसली. आणि ज्यांच्या चित्रांनीं भिंत सजविली त्यांच्या उपासमारीपर्यंत जिची दृष्टि पोंचली नाहीं अशी सम्राज्ञीही दिसली. या सर्व मिळून एकच बाई होती. घरांतील चांगुलपणा उंबरठ्याबाहेर आपोआप जात नाहीं. तो मुद्दाम न्यावा लागतो. ही गोष्ट राज्यांस जितकी लागू आहे, तितकीच, वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरासही लागू आहे.