गळ आणि नशीब

१९०८ साली मुसीला महापूर आला. पुढे तिला आवर घालण्यासाठी हैदराबादेत उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. लहानपणी हिमायतसागरच्या काठी मी दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, गळ टाकायला जात असे. त्यांना रविवारचीच काय ती सुटी. तीन रविवार माझ्या गळाला काही लागले नाही. दादांना मात्र रोहू मिळे. "माझं नशीबच फुटकं!" म्हणत मी रडकुंडीला आलो.

दादा म्हणाले, "तू काठावर धावतोस, तुझी सावली पाण्यावर पडते. माशाच्या दोन्ही अंगांना एक रेघ असते, पाण्यातली थरथर त्याला तिनंच कळते. उजाडताच येऊ, पाण्यापासून जरा मागं बस. कणकेत पेंड मळ आणि एकाच जागी टाकत राहा."

चौथ्या रविवारी मी दोन तास हललो नाही. मासा लागला तो जेमतेम वीतभर. "अजून वाढायचाय तो," म्हणून दादांनी सोडायला लावला. मी रडलो नाही.

आज दादा नाहीत. वर्गात कुणी "मला गणित येतच नाही" म्हणाले, की मी एवढेच विचारतो, "कुठे बसतोस? किती वेळ बसतोस?"