काकूंचं नाव ‘अवैध’

गेल्या वर्षी आमच्या बडोद्याच्या मंडळाने गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नोंदणी ऑनलाइन करायची ठरवली. "आपल्यात इंजिनीअर आहेच की!" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. दोन संध्याकाळी बसून फॉर्म तयार केला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुझा फॉर्म म्हणतो, माझं नाव अवैध आहे. पन्नास वर्षं हेच नाव लावतेय मी!"

आधी हसू आलं, मग लाज वाटली. फॉर्ममध्ये कोणी काहीबाही भरू नये म्हणून आम्ही रेग्युलर एक्सप्रेशन वापरतो. म्हणजे मजकूर कसा दिसायला हवा, याचा साचा. पॅन क्रमांक घ्या: आधी ५ अक्षरं, मग ४ अंक, शेवटी १ अक्षर. साच्यात बसलं तर पुढे, नाहीतर परत. ऑफिसातल्या सवयीने मी नावालाही साचा लावला होता: इंग्रजी ए ते झेड आणि ० ते ९. फॉर्म मराठीत, आणि उत्तर मात्र इंग्रजीत हवं!

मग नियम बदलला: कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल. युनिकोडमुळे तशी सोय आहे. तपासून पाहिलं, तर ‘कमल’ पास आणि ‘सुशीला’ नापास! थोडं शोधल्यावर कारण कळलं. युनिकोडच्या लेखी स, श, ल ही अक्षरं. पण उकार, वेलांटी, काना ही ‘चिन्हं’, त्यांचा गट वेगळा. अनुस्वार आणि हलन्तही त्यातच. तो गट जोडला. पाठोपाठ नावांमधली मोकळी जागा, आद्याक्षरापुढचं टिंब, जोड-आडनावातली रेघ आठवली. घर क्रमांकात ‘ब-१२’ही अडत होतं, कारण जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या नियमात अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक. तेही सुधारलं. आता गुजरातीत लिहिलेलं नावसुद्धा चालतं.

पॅनचा साचा ठरलेला आहे, तिथे कडक नियम हवाच. माणसाच्या नावाला असा साचा नसतो. ते बरोबर की चूक, हे सांगणारा मी कोण? आता कुठलाही नियम लिहिण्याआधी मी ओळखीतली दहा नावं भरून पाहतो. पहिलं काकूंचं.

काकूंना रांगोळीत बक्षीस मिळालं नाही. पण सहभागाच्या प्रमाणपत्रावर त्यांचं नाव काना-मात्रेसकट अचूक छापलं होतं. ते त्यांनी मला मुद्दाम दाखवलं.