बघणाऱ्याला काय दिसतं?

मंडळी, २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात विजयाचं अंतर होतं साधारण ३२ हजार. पिपाणीवाल्या अपक्षाला मतं पडली ३७ हजार! त्या पिपाणीचं मराठी नाव होतं ‘तुतारी’. शरद पवार गटाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’.

सगळी मतं चुकूनच पडली, असं मी म्हणणार नाही. पण ‘तुतारीचं बटण दाबा’ ऐकून गेलेली, अक्षरओळख नसलेली आजी मशीनवर काय शोधणार? तुतारीच ना! एका चित्रात आधी माणूस दिसतो, दुसऱ्यात नुसतं वाद्य. आपण नाव वाचतो. तिच्यासाठी चित्र हेच नाव.

विधानसभेआधी आयोगाने माणसाचं चिन्ह ठळक करायचं मान्य केलं, पिपाणी मात्र यादीतच राहिली. मला विचाराल तर, चिन्ह ठरवताना आधी या आजीला विचारा : बाई, तुला यात काय दिसतंय?