वाचलेलें दुःख आणि भोगलेलें दुःख

अंगीं अमानुष सामर्थ्य असलेल्या वीरांचे अमेरिकन चित्रपट हा मुलांचा खाऊ आहे, प्रौढांनीं त्यांत हात घालूं नये, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत होतें. सुटींत घरीं आलेल्या आमच्या कन्येस तें मान्य झालें नाहीं. 'बाबा, एकदां बघा आणि मग नांवं ठेवा,' असें म्हणून तिनें आम्हांस एका रात्रीं 'एक्स-मेन : फर्स्ट क्लास' या चित्रपटापुढें बसविलें. मॅथ्यू व्हॉन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०११ सालचा, म्हणजे परीक्षणाच्या दृष्टीनें शिळाच. परंतु त्यानें आमची झोंप मोडली, आणि एवढ्या कारणास्तव शिळ्या विषयावर लिहिण्याची सवलत वाचक आम्हांस देतील अशी उमेद आहे.

या वीरांची मूळ चित्रकथा स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं १९६३ सालीं अमेरिकेंत सुरू केली. दोघेही युरोपांतून न्यूयॉर्कला येऊन राहिलेल्या ज्यू कुटुंबांतले. जन्मतःच निराळी शक्ति घेऊन आलेलीं माणसें आणि त्यांची भीति व द्वेष बाळगणारा समाज, हा त्या कथेचा विषय. २००० सालापासून निघालेल्या चित्रपटांनीं दोन वृद्ध प्रतिस्पर्धी प्रेक्षकांच्या परिचयाचे केले होते. दुसऱ्यांचीं मनें वाचणारा चार्ल्स झेव्हियर म्हणतो, सामान्य माणसांशीं जुळवून घ्यावें. धातूवर सत्ता चालविणारा एरिक लेन्शेर म्हणतो, तीं आपणांस मारतील, त्यापूर्वीं आपण सज्ज व्हावें. 'फर्स्ट क्लास' ही त्यांच्या तारुण्याची पूर्वकथा. हे दोघे जिवलग मित्र होणार आणि पुढें वैरी होणार, हें प्रेक्षकास आरंभींच ठाऊक असतें. पण कीर्तनास बसलेल्या श्रोत्यास तरी आख्यानाचा शेवट कोठें ठाऊक नसतो? काय झालें हें नव्हे, कसें झालें हें ऐकण्यास तो येतो.

आरंभ १९४४ सालचा. जर्मनांनीं व्यापलेल्या पोलंडमधील छळछावणींत एक डॉक्टर एरिक या ज्यू मुलापुढें नाणें ठेवतो आणि हात न लावतां तें हलवून दाखव म्हणतो. मुलास तें साधत नाहीं. डॉक्टर त्याच्या आईस समोर उभी करतो, तीन अंक मोजतो आणि गोळी झाडतो. त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका प्रशस्त वाड्यांत चार्ल्स नांवाच्या मुलास रात्रीं स्वयंपाकघरांत शिरलेली एक निळ्या वर्णाची भुकेली मुलगी सांपडते. आपल्यासारखेंच जगावेगळें कोणी भेटलें म्हणून तो आनंदतो आणि तिला घरांत ठेवून घेतो. दोघेही मुलगे निराळे. परंतु निराळेपणाची किंमत एकाकडून वसूल झाली, दुसऱ्याकडे ती कोणीं मागितलीही नाहीं. हे दोन प्रसंग लागोपाठ मांडून दिग्दर्शकानें पुढील कथेचें बीज न बोलतां पेरलें आहे.

१९६२ सालीं दोघे भेटतात तेव्हां एरिक आईच्या मारेकऱ्याची पाणबुडी ओढून धरण्याच्या खटपटींत बुडत असतो. चार्ल्स समुद्रांत उडी घालून त्यास सोडवितो आणि मैत्री जुळते. पुढें चार्ल्सच्या वाड्यांत सराव चालला असतां एरिकला दूरची एक प्रचंड धातूची तबकडी केवळ आपल्या शक्तीनें वळवावयाची असते. संतापाच्या बळावर तें होत नाहीं. चार्ल्स त्याच्या संमतीनें त्याच्या मनांत उतरतो आणि तळाशीं गाडलेली एक आठवण वर काढतो: आई आणि लहानगा एरिक सणाचे दिवे लावीत आहेत. दोघांच्याही डोळ्यांस पाणी येतें, आणि तबकडी वळते. मायकेल फासबेंडर व जेम्स मॅकॅव्हॉय या नटांनीं हा प्रसंग इतक्या संयमानें वठविला आहे कीं तेवढ्यासाठींही चित्रपट पाहावा.

आणि येथेंच चार्ल्सची चूक झाली, असें आम्हांस वाटतें. मित्राचें दुःख आपण आंतून पाहिलें म्हणजे तें आपलेंही झालें, असा त्याचा समज झाला. आणि त्या समजाबरोबर उपदेशाचा अधिकारही ओघानेंच आला. वास्तविक तें दुःख त्यानें वाचलें होतें. भोगलें एरिकनें होतें.

अखेरचा प्रसंग क्यूबाच्या किनाऱ्यावरचा. ऑक्टोबर १९६२ मध्यें रशियानें क्यूबांत ठेवलेल्या अण्वस्त्रांवरून जग तेरा दिवस विनाशाच्या काठावर उभें होतें. ती खरी घटना चित्रपटानें आपल्या कथेंत ओढून घेतली आहे. एरिक तेंच जुनें नाणें शत्रूच्या कपाळांतून आरपार नेतो. मग रशियन व अमेरिकन आरमारें आपणांस वाचविणाऱ्या या तरुणांवरच अस्त्रें सोडतात, आणि एरिक तीं आकाशांत थोपवून उलट फिरवितो. चार्ल्स विनवितो कीं त्या जहाजांवर हजारों निरपराध माणसें आहेत, तीं केवळ हुकूम पाळीत आहेत. छावणींतून आलेल्या माणसापुढें दुसरें कोणतेंही वाक्य चाललें असतें, हें नव्हे. ज्यानें त्याचें सारें मन वाचलें, त्यास एवढें एक पान वाचतां आलें नव्हतें. पुढें एरिकवर झाडलेली गोळी त्यानेंच बाजूस सारल्यामुळें चार्ल्सच्या पाठींत शिरते.

एरिकचें बरोबर होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. २७ ऑक्टोबर १९६२ या दिवशीं अमेरिकन नौकांनीं घेरलेल्या एका रशियन पाणबुडींत अण्वस्त्र सोडण्याची वेळ आली असतां वासिली आर्खिपॉव्ह या अधिकाऱ्यानें संमति नाकारली. एरिकनें फिरविलेलीं अस्त्रें अशाच एखाद्या माणसावर पडणार होतीं. चित्रपटाचे दोषही उघड आहेत. वाड्यांतील इतर तरुणांचें चित्रण घाईचें आहे. आणि बहिष्कृतांची बाजू घेणाऱ्या या कथेंत शिष्यांपैकीं कृष्णवर्णीय तरुणच प्रथम मारला जावा, हें खटकतें.

महाभारतांत द्रोण व द्रुपद यांची मैत्रीही मोडते. गुरुगृहीं बरोबर वाढलेला द्रुपद राजा झाल्यावर दरिद्री द्रोणास सांगतो कीं मैत्री समानांतच शोभते. तेथें विषमता तोंडावर फेंकली गेली म्हणून वैर आलें. येथें ती विसरली गेली म्हणून आलें. अपमान करणारा मित्र निदान ओळखूं तरी येतो. समजूत घालणाऱ्या मित्राचें तसें नसतें. त्याची चूक त्याची त्यासही कळत नाहीं.

हें आम्हांस इतकें कां झोंबलें, तें सांगणें भाग आहे. आमचा एक वर्गमित्र पुष्कळ वर्षें तासिकेच्या मानधनावर शिकवीत होता. आमची नेमणूक कायमची होती. उन्हाळ्यांत बंद होणारें त्याचें मानधन, आईच्या औषधांसाठीं काढलेलें कर्ज, सर्व आम्हांस तोंडपाठ होतें. त्याच्यासारख्या अध्यापकांनीं परीक्षेच्या कामावर बहिष्कार घालण्याचें ठरविलें, तेव्हां त्या माहितीच्या जोरावरच आम्हीं त्यास धीर धरण्याचा सल्ला दिला. मुलांचें नुकसान होईल, संस्थाचालकही माणसेंच आहेत, असें आम्ही म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. चहा संपवून गेला, तो पुन्हां आमच्या घरीं आला नाहीं. त्यास आज एकोणीस वर्षें झालीं.

चित्रपट संपल्यावर कन्येनें विचारलें, 'मग बाबा, चुकलं कोणाचं?' बहिष्काराविषयीं आमचें मत अजूनही बदललेलें नाहीं. परंतु तें सांगण्यापूर्वीं, या महिन्यांत तुझें कसें भागणार आहे, एवढें तरी मित्रास विचारावयास हवें होतें, आणि तें आम्हीं विचारलें नाहीं.

'दोघांतल्या एकानं आधीं विचारायला हवं होतं,' एवढेंच आम्ही म्हणालों. तिला तें चित्रपटाविषयींच वाटलें.