गाण्याची वर्गणी

‘पाहिजे तितके’ या दोन शब्दांत मनुष्यास भुरळ घालण्याचे जे सामर्थ्य आहे, ते ‘स्वस्त’ या शब्दातही नाही. खानावळीत ताटातील जिन्नस मोजून मिळत असतील तर आपण तीन पोळ्यांवर मुकाट्याने उठतो. परंतु ‘पाहिजे तितके वाढू’ अशी पाटी दिसली की ज्यास दोन पोळ्याही जड जातात असा गृहस्थ पाचवीकडे आशेने पाहू लागतो. आमच्या खानदेशात हिवाळा लागला की शेतावर भरिताचे बेत होतात. तेथे वांगी मोजून भाजलेली मी कधी पाहिली नाहीत आणि पुऱ्या मोजून खाणारा पाहुणाही पाहिला नाही. तेव्हा गाण्याच्या कंपन्यांनी ‘महिन्याला अमुक रुपये द्या आणि पाहिजे तितकी गाणी ऐका’ असा दर लावला, यात त्यांनी मनुष्यस्वभाव नीट ओळखला एवढेच म्हणावे लागते.

हा दर आमच्या पिंप्राळ्याच्या घरात शिरला तो २०१९ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत स्वीडनची स्पॉटिफाय ही कंपनी आपल्या देशात आली आणि तिने एका माणसास महिन्याला ११९ रुपये असा दर ठेवला. अमेरिकेत त्याच सेवेस तेव्हा दहा डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ७०० रुपये पडत. पुढे लवकरच ॲपल कंपनीने आपला येथील दर १२० रुपयांवरून ९९ वर आणला, आणि सहा जणांच्या कुटुंबास मिळून १४९ रुपये सांगितले. इंजिनिअरिंगला असलेला आमचा पुतण्या हे आकडे कागदावर मांडूनच माझ्यापुढे आला.

“काका, सहा माणसांना दीडशेच्या आत! माणशी पंचवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.”

“आणि उरलेल्या तिघांनी काय करावे?” मी विचारले.

कारण आमच्या घरी माणसे नऊ. आई, आम्ही दोघे बंधू, दोघी जावा, माझा मुलगा व सून, आणि धाकट्या बंधूंची दोन मुले. कुटुंब म्हणजे किती माणसे, याची व्याख्या आजवर जनगणनेचा कारकून आणि रेशनची कचेरी करीत असे. आता गाण्याचे दुकानही ती करू लागले. एका छपराखाली राहणारी सहा माणसे म्हणजे कुटुंब, असे त्या दुकानाचे म्हणणे. दोन दिवस घरात याच विषयावर चर्चा चालली. शेवटी आई म्हणाली, “माझं नाव घालू नका रे. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही.” मग आम्ही दोघा बंधूंनीही माघार घेतली आणि सहाची संख्या जुळली. कोणत्या कंपनीची वर्गणी भरली हे सांगण्याचे कारण नाही; या बाबतीत सर्वांचा व्यवहार थोड्याफार फरकाने सारखाच.

एकेक गाणे विकण्याचाही प्रयत्न आपल्याकडे झाला होता, हे पुष्कळांस आठवत नसेल. २०१२ साली फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचे असे दुकान काढले. तेथे सहा रुपयांपासून गाणे मिळे. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलचेही दुकान येथे उघडले आणि त्यात गाण्याचा भाव सात रुपयांपासून पंधरापर्यंत होता. फ्लाइट पुढच्याच वर्षी, २०१३ च्या जूनमध्ये, बंद पडले. चोरून उतरवून घेतलेली गाणी चहूकडे फुकट मिळत होती, हे त्याचे एक कारण खरेच. पण मला वाटते, दुसरे कारण आपल्या मनात आहे. चहाला दहा रुपये देताना आपण विचार करीत नाही. गाण्याला सहा देताना मात्र मन न्यायासनावर चढून बसते. हे गाणे खरोखर आपल्याला हवे आहे काय? उद्याही हवे असेल काय? रेडिओवर लागणार नाही काय? इतकी उलटतपासणी सोसून गाणे ऐकण्याचा उत्साह कोणास राहील? महिन्याची वर्गणी एकदा भरली की ही कचेरी महिनाभर बंद. तुम्ही पैसे देता ते बहुधा गाण्यांसाठी नव्हेच; हिशेबातून सुटका मिळावी म्हणून देता.

हिशेब तर कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. स्पॉटिफायने येथे आल्या वेळी एका दिवसाची पुडी १३ रुपयांस आणि आठवड्याची ३९ रुपयांस ठेवली होती. रोज पुडी घेणाऱ्यास महिन्याला ३९० रुपये पडत, म्हणजे एकदम देणाऱ्याच्या तिपटीहूनही अधिक. किराण्याच्या दुकानात शांपूच्या पुड्या दोरीला लोंबतात तोच हा प्रकार. ज्याच्या हाती एकरकमी पैसे नाहीत त्यानेच अधिक द्यावे हा व्यापाराचा जुना न्याय आहे, आणि तो गाण्यासही लागू झाला.

तथापि ही ठोक वर्गणी अगदी नवीन आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या वडिलांच्या वेळी रेडिओला परवाना लागे. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, मास्तर त्या छोट्या पुस्तिकेत तिकिटे लावून शिक्का मारीत, आणि मग वर्षभर विविध भारती लावा, रेडिओ सिलोन लावा, कोणी विचारीत नसे. १९८० नंतरच्या दशकात तो परवाना उठला. पाहिजे तितके ऐका हे तेव्हाही होते. पाहिजे ते ऐका हे नव्हते. आवडते पद लागेल म्हणून आई पोळपाट तसाच टाकून रेडिओजवळ येई, आणि लागे भलतेच. तरी ती ते भलतेच पूर्ण ऐके. आणि तिला येणारी निम्मी गाणी अशा भलत्याच गाण्यांपैकी आहेत.

आता नव्या पद्धतीने घरात काय झाले ते सांगतो. माझी पुतणी गाणे शिकते आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते. तिला या वर्गणीने जे दिले त्याचे मोल करता येणार नाही. किशोरीताईंचा भूप ऐकून झाला की ती मोगूबाईंकडे जाते, तेथून केसरबाईंकडे, तेथून मल्लिकार्जुन मन्सुरांकडे; एका घराण्यातले चार गळे एका दुपारी तिच्या खोलीत येऊन बसतात. बालगंधर्वांना लहानपणी गाणे शिकण्यासाठी आमच्या जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे यावे लागले होते. गाणे जेथे असेल तेथे आपण जावयाचे, असा तो काळ होता. ध्वनिमुद्रिका आली तेव्हा गाणे जरा चालू लागले. पण तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि तेवढ्यात मोठमोठ्या गवयांना राग आटोपावा लागे. आज तासाभराचा ख्याल अखंड मिळतो, आणि तो पिंप्राळ्यातल्या मुलीला मिळतो. हे सुख लहान नव्हे.

पुतण्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या कानात गाणे सुरू होते न होते तोच बोट पुढच्या गाण्यावर जाते. ताटात दहा भाज्या असल्या की मूल एकेक चाखून सगळ्या टाकते, तसे ते. मी त्यास एकदा म्हटले, “अरे, ते पुरते होऊ दे.” तो म्हणाला, “काका, पुढचं याहून चांगलं असेल तर?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. पैसे मोजून आणलेली एकच कॅसेट महिनाभर वाजवणाऱ्या माणसास तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

परंतु या व्यवहारात मला खरोखर खटकते ते वेगळेच, आणि ते बहुतेक वर्गणीदारांस ठाऊक नसते. आपण भरलेले पैसे आपण ऐकलेल्या गायकाकडे जातात अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. सर्वांच्या वर्गण्या एका हौदात जमा होतात. त्यांतला सुमारे दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांसाठी काढून ठेवतात. आणि देशभर एकंदर जितक्या वेळा गाणी वाजली त्यांत ज्याचा जितका वाटा, तितका पैसा त्याच्या पदरात पडतो. सुनेने महिनाभर एकाच वृद्ध गवयाचे गाणे ऐकले तरी तिच्या वर्गणीचा बहुतेक भाग, तिने नावही न ऐकलेल्या, पण देशात सर्वाधिक वाजलेल्या गायकांकडे जातो. ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ऐकलेल्यासच द्यावेत अशी पद्धत साउंडक्लाउड या कंपनीने २०२१ साली सुरू केली खरी, पण मोठ्या पेढ्यांनी ती उचलली नाही.

त्यातही मोजण्याची रीत पाहा. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणे तीस सेकंद ऐकले की ‘एक वेळ वाजले’ अशी नोंद होते. तीन मिनिटांचे चित्रपटगीत पुरे वाजले तर एक, आणि पंचेचाळीस मिनिटांचा दरबारी पुरा ऐकला तरी एकच! जितक्या वेळात पुतणी एक ख्याल ऐकते तितक्यात पुतण्या पंधरा गाणी वाजवतो. तिच्या गवयास एक नाणे, त्याच्या गायकांस पंधरा. शिवाय २०२४ पासून त्या कंपनीने असा नियम केला की जे गाणे वर्षभरात हजार वेळाही वाजले नाही त्यास काहीच मिळणार नाही. आपल्या जिल्ह्याच्या गावी एखाद्या गुणी पण अप्रसिद्ध कीर्तनकाराने आपली ध्वनिमुद्रणे तेथे ठेवली, तर त्याने काय करावे? पूर्वी तबकडीच्या लांबीने ख्याल कापला. आता लांबीला बंधन उरले नाही, तर मोलच कापले गेले. पुतणीला मी हे समजावून सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने आपल्या खाऊच्या पैशांतून जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात विकत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक आणली. तेवढ्याने हौदाचे पाणी हलणार नाही, हे तिलाही कळते.

आणि इतके करून हाती राहते काय? वर्गणी थांबली की गाणी थांबली. दुकानच मिटले तर विचारायलाच नको. एअरटेलची विंक ही सेवा २०२४ साली अशीच मिटली. २०२३ साली झी म्युझिक व स्पॉटिफाय यांचा करार जमेना, तेव्हा त्या पेढीची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी नाहीशी झाली होती. भाड्याच्या घरात राहणे वाईट नव्हे, आम्हीही पुष्कळ वर्षे राहिलो. परंतु भाड्याच्या घरास आपले म्हणून कोणी भिंती पाडीत नाही.

भिंतीवरून आठवले. दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यावयाचा निघाला, तेव्हा धाकटे बंधू म्हणाले की वडिलांचे कॅसेटींचे कपाट आता भंगारवाल्यास द्यावे. त्यातले सारे त्या वर्गणीत मिळतेच. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. कपाटात तीनशेवर कॅसेटी होत्या आणि निम्म्यांना बुरशी आलेली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नातवास हाक मारली आणि विचारले, “तुझ्या त्या दुकानात आपल्या रथाचं भजन मिळतं का रे?”

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यात पांडुरंगाचा रथ निघतो. ज्यांना पंढरपूर घडत नाही ते येथे येतात. वडील हौशी होते; १९८० नंतर काही वर्षे ते आपला टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून रथापुढे चालत आणि भजनी मंडळाचे अभंग, टाळ, गर्दीचा गजर असे सारे टिपून घेत. पुतण्याने शोधून पाहिले. अभंग मिळाले, शेकड्यांनी मिळाले, एकाहून एक थोर गळ्यांतले मिळाले. आई प्रत्येकास “छान आहे हो” म्हणे आणि पुन्हा विचारी, “पण आपलं?”

तेव्हा आम्ही घरात असे ठरवले की जे वर्गणीत मिळते ते जाऊ द्यावे, आणि जे कोठेच मिळत नाही ते ठेवावे. चित्रपटांच्या कॅसेटी गेल्या. रथाच्या, आणि घरच्या मुंजी-बारशांच्या मिळून त्रेचाळीस राहिल्या. त्या संगणकात उतरवून घेण्याचे काम पुतण्याने आपण होऊन पत्करले. वाजवण्याचे यंत्र जुने, त्याचा रबरी पट्टा सैल झालेला. गोलाणी मार्केटमध्ये दोन खेपा घालून त्याने नवा मिळवला. या कामात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, आणि मध्ये फीत अडकते म्हणून जवळ बसून राहावे लागते. आई त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते. हा टाळ कोणाचा, हे कोण मध्येच हसले, येथे पाऊस आला होता, हा खोकला तुझ्या आजोबांचा, असे ती सांगते आणि तो वहीत लिहून घेतो. आतापर्यंत अकरा झाल्या. गेल्या रविवारी पट्टा पुन्हा घसरू लागला; तेव्हा आणखी एक आणावा लागेल, आणि या वेळी दोन एकदम आणून ठेवा असे आईचे म्हणणे आहे.