तिसऱ्या घराला जागा नाही

स्मरणिकेसाठी आम्हा वर्गबंधूंकडे लेख मागितला गेला, तेव्हा निकालाचे आकडे द्यावेत की भोजनगृहातील आमटीचे वर्णन करावे, यावर बराच खल झाला. अखेरीस एका आकृतीविषयी लिहिण्याचे ठरले. तिचे ऋण आमच्यावर फार दिवसांचे आहे.

वसतिगृहात भूम, परंडा, कळंबकडची मुले होती. वृत्ते शिकताना आम्ही ‘यमाताराजभानसलगा’ घोकत असू. गणिताच्या सरांनी एकदा तेच 8 गण फळ्यावर मांडले आणि ज्या दोन गणांत एकाच अक्षराचा लघु-गुरु भेद असेल, ते रेघेने जोडावयास सांगितले. 12 रेघांत खडूच्या पेटीसारखा घन उभा राहिला. न, य, त, र यांत गुरूंची संख्या सम. म, ज, भ, स यांत विषम. एक अक्षर बदलले की सम-विषम पालटते, म्हणून प्रत्येक रेघ एका गटातून दुसऱ्या गटातच जाते. अशा आकृतीस बायपार्टाइट ग्राफ म्हणतात. अक्षरे 4 घेतली तर बिंदू 16, 5 घेतली तर 32, हे हायपरक्यूब. पिंगलाचा लघु-गुरूंचा प्रस्तार म्हणजे याच बिंदूंची यादी होय.

सरांनी विचारले, दोन गटांत विभागणारी कोणतीही आकृती पुरेशा मोठ्या हायपरक्यूबमध्ये बसेल काय? आम्ही एकमुखाने ‘होय’ म्हणालो. मागच्या बाकावरील एक मित्र (त्याला विचारल्यावाचून नाव छापणे योग्य नव्हे) दोन दिवसांनी म्हणाला, “सर, दोन आड अन् तीन घरं बसत नाहीत.” प्रत्येक घरापासून दोन्ही आडांकडे वाट हवी. दोन्ही आड एकाच घराला लागून, म्हणजे त्यांच्यात नेमका दोन अक्षरांचा फरक. एका आडाकडून दुसऱ्याकडे जाताना आधी हे अक्षर बदलावे किंवा आधी ते. मधले मुक्काम दोनच. अक्षरे कितीही वाढवा, तिसऱ्या घराला जागा नाही.

दिवाळीनंतर तो आई-वडिलांसह ऊसतोडीला गेला, तो परतला नाही. विज्ञान प्रदर्शनात ती आकृती आम्ही मांडली, शाबासकी घेतली. तक्त्यावर नावे आमचीच होती. कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

गतवर्षी आमच्यापैकी दोघे त्याच्या गावी गेले. तो टोळीबरोबर बाहेर होता. वडिलांनी चहा दिला. जुना तक्ता आम्ही तेथेच ठेवून आलो, खाली त्याचे नाव लिहून.