यादीत नसलेले जोन्स

मोम्बासाच्या अँग्लिकन बिशपांची यादी मी एक्सेल शीटमध्ये उतरवून घेतली, त्यामागे फार मोठा हेतू नव्हता. सवय आहे. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट कळत नसली की ती आधी टेबलात घालायची, मग पुढचं पुढे. नाव, कधीपासून, कधीपर्यंत. हॅनिंग्टन १८८४ ते १८८५. पार्कर १८८६ ते १८८८. टकर १८९० ते १८९९. पील १८९९ ते १९१६. हेवूड १९१८ ते १९३६. क्रॅब १९३६ ते १९५३. बीचर १९५३ ते १९६४. आणि १९६४ मध्ये पीटर म्वांगोंबे, या यादीतला पहिला आफ्रिकन माणूस.

मग मी एक कॉलम वाढवला : 'त्याआधी कुठे होते?' आणि तिथे भारत दिसायला लागला. पार्कर कलकत्त्याला चर्च मिशनरी सोसायटीचे सेक्रेटरी होते, नंतर मध्य भारतात गोंडांमधल्या मिशनवर. पील आधी दक्षिणेत, मग मुंबईत. हेवूड पुण्या-मुंबईत. पहिल्या सात बिशपांपैकी तिघे आपल्याकडून गेलेले. मुंबईहून मोम्बासाला जाणं तेव्हा फार अवघड नव्हतं. बोटी होत्या, व्यापार होता, साम्राज्य एकच होतं.

पण मुंबईहून मोम्बासाला याच मिशनसाठी गेलेले आणखीही काही लोक होते. ते नाशिकहून गेले होते, आणि ते आफ्रिकन होते. त्यांच्यातलं एकही नाव या यादीत नाही.

मी नाशिकची. शरणपूर रोडवर माझी अकरावी-बारावी गेली, म्हणजे क्लास, झेरॉक्स, वडापाव आणि स्कूटी लावायला जागा शोधणं. शरणपूर हे नाव कुठून आलं असा प्रश्न तेव्हा पडला नाही. रस्त्यांच्या नावांकडे आपण पिनकोडसारखं बघतो. पुढे कंपनीने मोबाइल पेमेंटच्या एका प्रोजेक्टसाठी तीन महिने नैरोबीला पाठवलं. एका लाँग वीकएंडला ट्रेनने मोम्बासाला गेले आणि न्याली पूल ओलांडल्यावर फ्रिअरटाउन नावाच्या भागात पोचले. तिथल्या चौकाला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. घंटेपाशी, असा अर्थ. तिथे खरंच एक जुनी घंटा आहे. गुलामांचे व्यापारी आले तर वस्तीला सावध करायला ती वाजवायचे. ही वस्ती कोणी वसवली ते वाचायला गेले, आणि फोनच्या स्क्रीनवर 'नाशिक' आलं.

गोष्ट साधारण अशी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं पकडायचं. सुटका झालेल्या माणसांपैकी बरीचशी मुंबईत उतरवली जायची, त्यांत लहान मुलं खूप. या मुलांचं करायचं काय? त्यातली काही चर्च मिशनरी सोसायटीकडे सोपवली गेली आणि नाशिकजवळ मिशनने वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीत आली. त्या वस्तीचं नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे मिशनरी तिथे होते. मुलं इंग्रजी शिकली, बायबल शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 'नासिक बॉइज' हा शब्द आफ्रिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आजही जसाच्या तसा येतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ च्या मोहिमेवर गेला तेव्हा यांतले नऊजण त्याच्याबरोबर होते. १८७३ मध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट याच शाळेतला. मागाहून पाठवलेल्या तुकडीतून तो तिथे पोचला होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्येच मोम्बासाजवळच्या रबाईला पोचले, बायकांसह. तिथे योहान्नेस रेबमान हा जर्मन मिशनरी जवळजवळ एकटा उरला होता, आणि पुढे त्याची दृष्टीही गेली. १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा समुद्री व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. त्याआधी वाटाघाटींना गेले होते सर बार्टल फ्रिअर, मुंबईचे माजी गव्हर्नर. सुटलेल्या गुलामांसाठी मग किनाऱ्यावरच वस्ती हवी होती. ती वसवायला नाशिकच्याच प्राइसना पाठवलं, आणि सुमारे दीडशे 'बॉम्बे आफ्रिकन' तिकडे गेले. शिक्षक तेच, सुतार तेच, दुभाषे तेच, रविवारी उपदेश करणारेही तेच. जॉर्ज डेव्हिड यांनी रबाईचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. थोडक्यात, सिस्टीम लाइव्ह यांनी केली.

आता अँग्लिकन चर्चची शिडी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गंमत म्हणजे गंमत नाही ती. सगळ्यात खाली डीकन, मग प्रीस्ट, मग बिशप. डीकनला प्रभुभोजनाचा विधी स्वतः चालवता येत नाही, प्रीस्टला येतो. आणि कुणालाही डीकन किंवा प्रीस्ट करायचं तर बिशपच लागतो. डीकनचा प्रीस्ट व्हायला साधारणपणे वर्षभर लागतं.

जोन्स आणि सेमलर रबाईला आले १८६४ मध्ये. डीकन झाले १८८५ मध्ये. एकवीस वर्षं. या भागासाठी स्वतंत्र बिशपच १८८४ मध्ये नेमला गेला, हे खरं. त्याआधी मॉरिशसच्या बिशपने येऊन भेट द्यायची असा कारभार होता. पण मधल्या काळात फ्रिअरटाउनचा गोरा सुपरिंटेंडेंट लोकांना फटके मारतो, कोंडून ठेवतो, असं प्रकरण बाहेर आलं आणि निस्तरायला प्राइसना पुन्हा पाठवावं लागलं. म्हणजे जबाबदारी देण्यालायक गोरा माणूस हा काही आपोआप लायक नव्हता. प्रीस्ट व्हायला जोन्स-सेमलरना त्यापुढेही १८९० चं दशक उजाडलं.

पहिले बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी मात्र आल्या आल्या दोघांना डीकन केलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. त्याच वर्षी जुलैत ते युगांडाकडे पायी निघाले, मसाई मुलखातून, दोनशे माणसं घेऊन. नवे डीकन जोन्स बरोबर होते. आजच्या मुमियासजवळ पोचल्यावर हॅनिंग्टननी बहुतेक सगळा तांडा जोन्सच्या हवाली केला आणि पन्नास माणसांनिशी ते पुढे गेले. पूर्वेकडून येणारा माणूस राज्य गिळायला येतो, अशी भीती युगांडाच्या दरबारात होती. राजा म्वांगाच्या हुकमावरून ऑक्टोबर १८८५ च्या शेवटी हॅनिंग्टन मारले गेले. पन्नासांपैकी चारजण जिवंत परत आले.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बिशप नाही, धान्य कमी, माणसं घाबरलेली, समुद्र शेकडो मैल लांब. जोन्सनी तो तांडा परत आणला. फेब्रुवारी १८८६ मध्ये तो रबाईत शिरला तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात तांड्याचा निळा झेंडा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत शिवलं होतं : इखाबोद. हा बायबलमधला शब्द. वैभव निघून गेलं, असा त्याचा अर्थ. जोन्स रोजनिशी लिहीत होते. हॅनिंग्टनचं जे चरित्र इंग्लंडमध्ये घरोघरी वाचलं गेलं, त्यातला शेवटच्या प्रवासाचा मोठा भाग या रोजनिशीच्या आधाराने उभा आहे.

नेतृत्व कशाला म्हणायचं यावर आमच्याकडे वर्षातून दोनदा वर्कशॉप होतं, सँडविचसकट. मला वाटतं हा तांडा पुरे.

नंतर रबाईत जोन्स मिशन चालवत होते, तेव्हा किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे येऊन राहायला लागले. मालक हत्यारं घेऊन येतील अशी स्थिती. पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नये असं मिशनचं अधिकृत धोरण होतं, कारण गुलाम ठेवणं तेव्हा तिथे कायदेशीर होतं. जोन्सनी लोकांना हाकललं नाही. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझींनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत सुटकेचे कागद वाटले गेले. रबाई आणि आसपासचे मिळून चौदाशेच्या घरातली माणसं. शरणपुरात वाढलेल्या माणसाने दुसरं शरणपूर उभं केलं, असं लिहायचा मोह होतोय. होऊ दे.

मग हा माणूस बिशप का झाला नाही? 'तेव्हा तसंच होतं' हे उत्तर मला चालत नाही, कारण तसंच नव्हतं. १८६४ मध्ये, म्हणजे जोन्स रबाईला पोचले त्याच वर्षी, कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये सॅम्युएल अजायी क्राउथर बिशप झाले होते. नायजेरियाचे, योरुबा, आणि तेही गलबतावरून सोडवलेले गुलामच. सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी हेन्री व्हेन यांचं धोरणच होतं की स्थानिक चर्चने स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार, स्वतःचा प्रसार करावा आणि मिशनऱ्याने निघून जावं. म्हणजे वाट होती, कागदावर आणि प्रत्यक्षातही. व्हेन १८७३ मध्ये वारले. पुढची तरुण, जास्त कडक मंडळी आली आणि त्यांनी क्राउथरच्या मिशनचीच झडती घेतली. म्हाताऱ्या बिशपचा अधिकार काढून घेत नेला. १८९१ मध्ये क्राउथर गेले, त्यांच्या जागी गोरा बिशप आला. मोम्बासाचा दरवाजा त्याच वर्षांत बंद होत होता. बॉम्बे आफ्रिकनांबद्दल मिशनऱ्यांची तक्रार असायची की हे फार साहेबी झालेत, कपडे तसे, बोलणं तसं, पगार तसा मागतात. साहेबी केलं कोणी होतं?

हे वाचताना मला आमचं ऑफिस आठवत राहिलं आणि त्याची जरा लाजही वाटली. मी आमच्या टीमची 'ॲक्टिंग लीड' आहे, दोन वर्षं. रात्रीचे कॉल मी घेते, प्रॉडक्शन पडलं की मला उठवतात, आणि लीड म्हणून दर वेळी क्लायंटच्या देशातून नवा माणूस येतो, ज्याला पहिले दोन महिने मीच सिस्टीम शिकवते. जोन्स कुठे आणि मी कुठे. माझ्याकडे पगार आहे, पीएफ आहे, राजीनामा द्यायची सोय आहे. पण 'अजून तयार नाहीत' हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलं जातं, तो सूर मी ओळखते.

यादीतल्या बाकी ओळींवरून भरभर जाता येतं. पील यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला, कारण १९१३ मध्ये त्यांनी इतर प्रोटेस्टंट पंथांबरोबर एकत्र प्रभुभोजन दिलं. आरोप करणारे झांझिबारचे अँग्लिकन बिशपच. बीचर यांची बायको प्रसिद्ध उत्खननशास्त्रज्ञ लुई लीकींची बहीण. त्यांच्याच काळात केनियात माउ माउचं बंड पेटलेलं असताना, १९५५ मध्ये कंपालाला ओबादिया कारिउकी आणि फेस्टो ओलांग हे सहायक बिशप झाले. डीकन जोन्सपासून सत्तर वर्षं. ओलांग १९७० मध्ये केनियाचे आर्चबिशप झाले. मोम्बासाची खुर्ची आफ्रिकन माणसाकडे आली १९६४ मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर. म्हणजे झेंडा आधी बदलला, खुर्ची नंतर.

मोम्बासाचं कॅथेड्रल सुंदर आहे, १९०५ चं. घुमट आणि कमानी बघून आधी मशीद वाटावी असं. ते हॅनिंग्टनचं स्मारक आहे. मी तिथे अर्धा तास पंख्याखाली बसले.

माझ्या शीटमध्ये आता दुसरा टॅब आहे. त्यात नाशिकचे लोक आहेत, आणि तारखा जमतात तशा भरते. सगळ्यात शेवटची ओळ मॅथ्यू वेलिंग्टन यांची. शरणपूरच्या शाळेतला मुलगा, लिव्हिंगस्टनचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांपैकी एक. ते १९३५ पर्यंत जगले आणि मोम्बासातच वारले. तेव्हा बिशप होते हेवूड, आयुष्याची बरीच वर्षं पुण्या-मुंबईत काढलेले. या दोघांना एका बाकावर बसवून मला मधे बसायला आवडलं असतं. एकाला गोदावरीचा पूर आठवत असणार, दुसऱ्याला पुण्याचा पाऊस. मराठी कोणाची बरी, तेही कळलं असतं.